डिजिटल ग्रंथालय : पुढे काय शिकावं, संशोधन कशावर करावं? (मुंबई-ठाण्यातल्यांनी जरूर लिहा)

तालिकापत्र (धागाकर्ती)

ईशा_डोंबिवलीने मला विपूत (इथल्या विचारपुशीच्या पानावर) विचारलं होतं : "एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) नुकतंच झालंय, डिजिटल ग्रंथालयाच्या कामात शिरायचंय. आता कुठला कोर्स करू? आणि पीएच.डी. करायची झाली तर विषय कोणता घेऊ?" तिला विचारूनच उत्तर इथे लिहिते आहे, कारण आमच्या ग्रंथालयात उमेदवारीला येणारी मुलंही हेच विचारतात. मी उपनगरातल्या एका पदवी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संग्रह आधी, कोर्स नंतर. एखादा लहानसा मराठी संग्रह हाताशी धर. एखाद्या मासिकाची दहा वर्षं घे, नाहीतर जुन्या वाचनालयातलं दुर्मीळ पुस्तकांचं एक कपाट घे, आणि पहिल्या नोंदीपासून वाचकाच्या शोधापर्यंत त्याचं डिजिटल ग्रंथालय स्वतः उभं कर. आपल्याला काय येत नाही ते त्या कामात आपोआप कळतं, मग कोर्स गरजेप्रमाणे निवडता येतो. पीएच.डी.चा विषय शोधतही फिरावं लागत नाही.

संग्रहांची मुंबईत वाण नाही. टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी 1804 ची, आणि तिचं ग्रंथ संजीवनी हे पोर्टल घरबसल्या पाहता येतं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही आधीचं, 1893 चं. राजाबाई टॉवरमधलं विद्यापीठाचं ग्रंथालय, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण गिरणगावातली, चाळींतली, शाळांची आणि ज्ञातिसंस्थांची वाचनालयंही आहेत. तिथे दाखल नोंदवही आहे, पुस्तकं आहेत, फक्त नोंदी करायला माणूस नाही.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते एका अंकापुरतं सांगते. समज, शके 1831 चा एका मासिकाचा अंक तुझ्यासमोर आहे. मुखपृष्ठावर इसवी सन नाही. तू 78 मिळवून 1909 लिहिलंस. पण अंक माघाचा किंवा फाल्गुनाचा असेल तर तो 1910 चा निघतो. आतल्या एका विनोदी लेखाखाली नाव आहे बाळकराम. हे राम गणेश गडकरी. तेच कवितेखाली गोविंदाग्रज असतात. वाचकाने गडकरी शोधले की तिन्ही नावांचं लेखन समोर आलं पाहिजे, आणि तरीही अंकात जे नाव छापलंय ते पुसलं जाता कामा नये. डब्लिन कोअर या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय आराखड्यातल्या 15 घटकांमध्ये निर्मात्याचा आणि दिनांकाचा रकाना आहे, पण शकाचं काय करायचं आणि टोपणनाव कुठे ठेवायचं हे आपणच ठरवायचं असतं. जे ठरेल ते दोन-चार पानांत लिहून काढ. 'नोंदी कशा केल्या' हे सांगणारी ती पानं हाच तुझा पहिला व्यावसायिक दस्तऐवज. मुलाखतीला जाताना ती बरोबर ने.

राहिला प्रश्न शिकण्याचा.

देवघेव, तालिका, सभासद यांच्यासाठी कोहा ही संगणकप्रणाली शीक. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालयासाठी ते तयार झालं, 2000 साली वापरात आलं, आणि मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये कोहाची मालिका आहे, ती पाहत पाहत स्वतःच्या लॅपटॉपवर बसव. स्कॅन केलेल्या फायली, प्रबंध, अंक ठेवायला डीस्पेस. ते एमआयटी आणि एचपी यांनी मिळून 2002 मध्ये आणलं. वायकाटो विद्यापीठाचं ग्रीनस्टोन लहान संग्रहाला अजूनही चालतं. यांतलं कुठलंही एक नीट येऊ दे, तिन्हींची तोंडओळख नको.

नोंदींचा गोंधळ निस्तरायला ओपनरिफाइन हे सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. लायब्ररी कार्पेंट्रीचे धडे नेटवर फुकट आहेत, त्यात ते पहिल्यापासून शिकवलंय. फायली पन्नास वर्षं टिकवायच्या तर काय करावं लागतं, यासाठी डिजिटल प्रिझर्व्हेशन कोअलिशनचा नवशिक्यांसाठीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. कागदावरची पात्रता हवी असेल तर इग्नूचा ग्रंथालय स्वयंचलन आणि नेटवर्किंगचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी करता करता होतो.

संशोधनाबद्दल एकच सांगते, बाकीचं इथले जाणकार लिहितील. शोधगंगेवर (भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) आपल्या विषयातले प्रबंध चाळून बघ. 'अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयांत ई-संसाधनांचा वापर' या धाटणीची प्रश्नावली-सर्वेक्षणं ढिगाने आहेत. मराठी मजकूर डिजिटल झाल्यावर तो सापडतो का, या प्रश्नावर काम करणारे फारच थोडे. माझ्या मते आज आपल्या क्षेत्रातलं सगळ्यात गरजेचं संशोधन तेच आहे.

---

ईशा_डोंबिवली

ताई, मनापासून आभार! इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं.

दोन शंका आहेत. जाहिरातीत नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि सर्टिफिकेटं मागतात, 'संग्रह उभा केला' असा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. मग हे काम दाखवायचं कुठे? आणि माझ्याकडे स्कॅनर नाही, फक्त फोन आहे.

---

फोर्टचा_वाचक

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे नव्या प्रणालींबद्दल इथली तरुण मंडळी सांगतीलच. मला जुन्या सूचींबद्दल लिहायचे आहे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची सूची केली, ती 1943 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे 1938 ते 1950 या काळाचा खंड 1961 मध्ये आला. संगणक नाही, झेरॉक्स नाही, अशा काळात ग्रंथालये धुंडाळून आणि पुस्तके प्रत्यक्ष हाताळून केलेले हे काम आहे. मराठीत डिजिटल ग्रंथालयाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही सूची एकदा उघडून पाहावी असे मी कळकळीने सांगतो.

ईशा, तुला विषय हवा आहे ना? दात्यांच्या सूचीतील नोंदी आधार धराव्यात आणि त्यांतील कोणती पुस्तके आज नेटवर संपूर्ण वाचता येतात, कोणती फक्त एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात आहेत आणि कोणत्यांचा कुठेच पत्ता लागत नाही, हे तपासावे. सगळी सूची एकट्याने होणार नाही. एक विषय घ्यावा, उदाहरणार्थ वैद्यक किंवा नाटक. 1867 पर्यंतची दोलामुद्रिते, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतील पुस्तके, घेतली तर आवाका आणखी आटोपशीर होईल. अशी मोजणी हाती आली की पुढे काय स्कॅन करायचे याचा क्रम लावता येतो. आज तो क्रम बहुधा कपाट कोणते जवळ आहे यावर ठरतो आणि एकच पुस्तक तीन ठिकाणी स्कॅन होते.

दुसरे असे की 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्याने देशातील प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यायची, त्यांपैकी एक मुंबईत, टाऊन हॉलच्या वास्तूत आहे. आपल्या शहरात बसून मराठी प्रकाशनाचा इतिहास तपासता येतो, ही सोय फार थोड्या शहरांना आहे. तिचा लाभ घ्या.

---

निलेश_परळ

मी या क्षेत्रात स्कॅनिंगच्या बाजूने आहे, कंत्राटावर. तालिकापत्र ताईंचं म्हणणं पटतं, पण दुसरी बाजूही कुणीतरी लिहायला हवी.

एका मोठ्या प्रकल्पावर मी काम केलं, संस्थेचं नाव लिहीत नाही. पैसे पानामागे. दिवसाला जितकी पानं तितके पैसे, त्यामुळे घडीचा नकाशा आला की तो उलगडायला वेळ कोण देणार? नकाशा घडीतच स्कॅन झाला. पुस्तकाचं नाव रोमनमध्ये टाइप करायला सांगितलेलं, आणि टाइप करणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी येत नव्हतं. 'ज्ञान' चार तऱ्हांनी लिहिलं गेलंय. त्या नोंदी आज तशाच नेटवर आहेत. पुस्तक स्कॅन झालंय हे मला माहीत आहे, तरीही मला स्वतःला ते शोधून सापडत नाही. याचं फार वाईट वाटतं.

म्हणून ईशाला माझं सांगणं : कोर्स जरूर कर, पण कामाला लागताना पगार कसा मोजतात ते आधी विचार. पानामागे दर असेल तर दर्जा कोण तपासतो तेही विचार. दहातलं एक पान मूळ पुस्तकाशी ताडून बघायची पद्धत नसेल तर तिथे शिकायला काही मिळणार नाही.

फोनचं म्हणशील तर सुरुवातीला चालेल. स्टँड लाव, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दे, फ्लॅश बंद. पण जतनाची प्रत वेगळी असते हे लक्षात ठेव. ए-फोर आकाराचं पान 400 डीपीआयला (इंचाला 400 ठिपके), रंगीत, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये ठेवलं तर साधारण 46 एमबी होतं. 300 पानांचं पुस्तक म्हणजे 14 जीबीच्या आसपास. त्यामुळे साठवणीचा हिशेब आधी कर, नाहीतर अर्ध्यावर जागा संपते आणि मग जेपीजी करून मूळ फायली उडवल्या जातात. हे मी होताना पाहिलंय.

---

अनुस्वार

मी भाषा-तंत्रज्ञानात काम करतो, ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही. पण मराठी मजकूर सापडतो का या प्रश्नाशी रोज गाठ पडते, म्हणून लिहितो. या विषयावर ग्रंथालयाच्या लोकांनी आमच्याबरोबर बसावं असं फार वाटतं.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने टाइप केलेला शोध दुसऱ्या पद्धतीची नोंद आणत नाही. 'ॲ' चं तेच, तो एक सबंध अक्षर म्हणून येतो किंवा अ वर अर्धचंद्र म्हणून. 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'ॲटलास' असं काहीही शोधून बघा.

आता जुन्या छपाईकडे या. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात 'नांव', 'कांहीं', 'घरें', 'करणें' असं छापलंय. आजचा वाचक 'नाव' टाइप करतो आणि हाती काही लागत नाही. अनुस्वार सरसकट काढून शोधा म्हणाल तर 'अंग' आणि 'अग' एक होतात. कुठला अनुस्वार सोडायचा आणि कुठला ठेवायचा, याला व्याकरण जाणणारा माणूस लागतो. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवायचा आणि शोधासाठी वेगळी, सारखी केलेली प्रत मागे ठेवायची, हा मार्ग मला योग्य वाटतो. हे नियम बसवून, खऱ्या वाचकांच्या शोधांवर तपासून कुणी मांडले तर तो उत्तम प्रबंध होईल.

ओसीआरबद्दल, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं यंत्राने वाचण्याबद्दल. टेसरॅक्ट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याचं मराठीचं मॉडेल मिळतं, आणि स्वच्छ छापलेल्या अलीकडच्या पुस्तकावर ते बरं चालतं. शिळाछापाच्या पुस्तकावर मात्र कोलमडतं, कारण ते मुळात हस्ताक्षर आहे. मोडीचं काम तर अजून पुढचं. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली, त्यामुळे वाचलेला मजकूर साठवायची सोय झाली, पण दप्तरातली मोडी यंत्राने वाचणं हा अजून खुला प्रश्न आहे.

आणि मोजायचं कसं, हाही प्रश्नच आहे. ओसीआरची चूक शंभर अक्षरांमागे किती, अशी मोजतात. 'क्षि' हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये ते चार चिन्हं. त्यातलं एक चुकलं तर चूक पाव धरायची की पूर्ण? इंग्रजीसाठी केलेली मोजपट्टी आपण तशीच वापरतो आणि आकडे छान दिसतात. वाचकाच्या दृष्टीने मात्र अख्खा शब्द वाया गेलेला असतो.

---

मुलुंडकर

+1. 'नांव' चं आज कळलं. मी आजोबांच्या लेखाचा शोध वर्षभर घेतोय, आता अनुस्वार देऊन बघतो.

---

कानवाचक

अनुस्वार यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. मी दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो, एनव्हीडीए हे स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून हा धागा वाचतोय.

मराठी डिजिटल ग्रंथालय म्हणून जे नेटवर आहे त्यातलं बरंचसं माझ्यासाठी कोरं आहे. पीडीएफ उघडली की स्क्रीनरीडर गप्प बसतो, कारण आत फक्त पानांची चित्रं आहेत. पुस्तक स्कॅन झालं तरी माझ्यापर्यंत पोचत नाही. ओसीआर केलेला मजकूर जोडला आणि प्रकरणांची शीर्षकं नीट लावली, तर मी सरळ तिसऱ्या प्रकरणावर जाऊ शकतो. शीर्षकं नसतील तर पहिल्या पानापासून ऐकत बसावं लागतं.

कायदा आमच्या बाजूने आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करायची मुभा आहे. दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रती करता याव्यात म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश होता, 2014 मध्ये. मुंबईत झेवियर्स कॉलेजचं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र यात बरीच वर्षं काम करतंय. सुगम्य पुस्तकालय हे सुलभ पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. पण मराठी पुस्तकांची संख्या वाढायची तर ग्रंथपालांनी हे शिकून घ्यायला हवं.

ईशा, तू जे काही उभं करशील ते पहिल्या दिवसापासून ऐकण्याजोगं कर. नंतर सुधारू म्हटलं की ते कधीच होत नाही, असा माझा अनुभव आहे. मी तपासून द्यायला तयार आहे, संध्याकाळी सातनंतर केव्हाही.

---

तालिकापत्र

कानवाचक, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. आमच्याकडे प्रबंधांच्या पीडीएफ घेताना शीर्षकं लावलेली आहेत का, ही अट यंदापासून घालायला प्राचार्यांना सांगते.

निलेश, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि त्यात बदल व्हायला हवा. मी ज्या समित्यांवर जाते तिथे एक मागणी लावून धरते : पानामागे दर असेल तर नोंदीमागेही वेगळा दर असावा, आणि ज्याने नोंद केली त्याचं नाव फाइलच्या माहितीत राहावं. नाव राहिलं तर निलेशसारख्या माणसाला पुढच्या मुलाखतीत दाखवायला काही असतं. ईशाच्या पहिल्या शंकेचंही उत्तर यातच आहे. अर्जात रकाना नसतो, पण 'प्रकल्प' असा मथळा आपण घालू शकतो आणि दुवा देऊ शकतो. मुलाखत घेणाऱ्यांनी तो दुवा तिथल्या तिथे उघडला, असं मी स्वतः पाहिलंय.

नेट-सेट मात्र दे. महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी ते लागतं, नियमाप्रमाणे पीएच.डी. झालेली असेल तरच त्यातून सूट. काम आणि पात्रता दोन्ही एकदम चालू दे.

---

मीनल_शोधछात्रा

माझी पीएच.डी. चालू आहे, दैनंदिनी आणि पत्रव्यवहारांच्या संग्रहांवर. मला जे माहीत आहे ते लिहिते.

2024 पासून नेट परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापक आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. म्हणजे जेआरएफ हुकली तरी प्रवेशासाठी गुण उपयोगी पडतात. जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. मुंबईत एवढ्यात भाड्याने राहणं अवघड आहे, पण घरून करणाऱ्याला जमतं. मुंबईत विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्र विभाग आणि एसएनडीटीची ग्रंथालयशास्त्राची संस्था असे दोन दरवाजे आहेत. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर वाचा. चार प्रबंध वाचले की पाचवा कसा होईल ते कळतं.

परिषदांपैकी आशियाई डिजिटल ग्रंथालयांची आयसीएडीएल ही परिषद 1998 मध्ये हाँगकाँगला सुरू झाली, 2001 आणि 2013 मध्ये ती बंगळुरूला झाली होती. आपल्या लिपींचे प्रश्न तिथे परके वाटत नाहीत, चिनी, जपानी, थाई मंडळीही अशाच अडचणींशी झगडत असतात. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची कॅलिबर ही परिषद आहे. नियतकालिकांत डेसिडॉक या संरक्षण संशोधनाच्या माहिती केंद्राचं जर्नल सगळ्यांना मोफत वाचता येतं, पहिला लेख लिहिण्याआधी त्याचे दोन वर्षांचे अंक चाळा. मुंबईतल्या विज्ञान ग्रंथपालांची बोस्ला ही संघटना आहे, तिच्या व्याख्यानांना जाऊन बसा. ओळखी तिथे होतात.

अर्थसाहाय्याबद्दल. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम 2004 पासून आहे, नष्ट होऊ घातलेल्या जुन्या संग्रहांसाठी. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, फक्त डिजिटल प्रती जातात. ही अट विश्वस्तांना आधीच समजावून सांगा, कारण 'आमचे कागद लंडनला जाणार का' हा पहिला प्रश्न असतो. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी यूसीएलए या अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम आहे. गिरणी कामगार संघटनांची पत्रकं, दलित चळवळीतली अनियतकालिकं, नाट्यसंस्थांचे कागद या दुसऱ्यात बसू शकतात. अर्ज लिहिणं हेच एक शिक्षण आहे. संग्रह किती, कुठल्या स्थितीत, हक्क कुणाचे, प्रती कुठे राहणार, हे सगळं नेमकं मांडावं लागतं.

---

ईशा_डोंबिवली

वाचून वाचून डोकं भरून गेलं, पण खूप बरं वाटतंय.

मी संग्रह ठरवलाय. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात एका मासिकाचे बांधीव खंड आहेत, 1925 ते 1940 च्या मधले, दिवाळी अंकांसकट. ग्रंथपाल काका हो म्हणालेत, फक्त खंड बाहेर न्यायचे नाहीत. आता हक्कांचं काय? मासिक बंद पडलंय, प्रकाशकाचा पत्ता नाही. सगळं नेटवर टाकता येईल का?

---

तालिकापत्र

सगळं नाही. हे नीट समजून घे, कारण इथे पुष्कळ चांगले प्रकल्प अडकतात.

आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं प्रताधिकार राहतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून खुलं आहे. अत्रे 1969 मध्ये गेले, ते 2030 मध्ये होईल. पु. लं.साठी 2061. मासिक बंद पडलं म्हणून त्यातल्या लेखकांचे हक्क संपत नाहीत. एकाच अंकात एक कथा खुली आणि पुढची बंद असं होतं. टोपणनावाने किंवा निनावी छापलेलं असेल आणि लेखक कोण ते उघड झालं नसेल, तर प्रकाशनापासून 60 वर्षं.

म्हणजे तुला लेखाबरहुकूम नोंद करावी लागणार, अंकाबरहुकूम भागणार नाही. आणि प्रत्येक लेखकाचं मृत्युवर्ष शोधावं लागणार. कंटाळवाणं वाटेल, पण विस्मरणात गेलेल्या शे-दोनशे मराठी लेखकांची जन्म-मृत्यूची वर्षं आधारासकट एका जागी आली तर ते काम तुझ्या संग्रहापुरतं राहत नाही. ती माहिती विकिडेटा या खुल्या माहितीकोशात घाल, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

स्कॅन करून ठेवायला मात्र अडचण नाही. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत साठवण्याची मुभा कायद्यात आहे. फक्त जतन आणि जगाला दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅन सगळं कर, खुलं तेवढंच कर जे खुलं झालंय, आणि सूची मात्र संपूर्ण दे. कथा वाचता आली नाही तरी ती कुठल्या अंकात कितव्या पानावर आहे हे वाचकाला कळलं पाहिजे.

---

अनुस्वार

जे खुलं आहे ते मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या खुल्या ग्रंथसंग्रहावर) चढवा. तिथे पान समोर ठेवून मजकूर तपासता येतो. तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. असा दोनदा तपासलेला मजकूर आमच्यासारख्यांना ओसीआर शिकवायला सोन्याच्या मोलाचा आहे. 1930 च्या सुमाराचे ठसे, तेव्हाचे अनुस्वार, तेव्हाचे जोडाक्षरांचे आकार, सगळं त्यात येतं.

---

फोर्टचा_वाचक

ईशा, मृत्युवर्षे शोधायला मी मदत करीन. जुन्या मासिकांतले मृत्युलेख, संमेलनांची इतिवृत्ते, कोशांच्या पुरवण्या कुठे मिळतात ते मला ठाऊक आहे. यादी पाठव.

फायलींच्या प्रती कुठे ठेवणार आहेस? वाचनालय तळमजल्यावर असेल तर डिस्क तिथे ठेवू नकोस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, तेव्हा खालच्या फळ्यांवरची पुस्तके कशी गेली ते मी पाहिले आहे. एक प्रत वाचनालयात वरच्या मजल्यावर, एक तुझ्याकडे, एक तिसऱ्या गावी.

---

ईशा_डोंबिवली

काका, नक्की पाठवते. तिसरी प्रत साताऱ्याला मामाकडे ठेवेन.

शेवटचं विचारते. रविवारी पहिल्यांदा जाणार आहे. आधी स्कॅनला बसू की आधी यादी करू?

---

तालिकापत्र

यादी. साधी तक्ता-फाइल घे आणि वर्ष-अंक, छापलेला महिना जसाच्या तसा, इसवी सन, पान, शीर्षक, छापलेलं लेखकनाव, खरं नाव, मृत्युवर्ष, पानाची स्थिती एवढे रकाने कर. टायपिंग युनिकोडमध्येच. एका खंडाची यादी पूर्ण झाली की इथे टाक, रकाने कमी-जास्त करू. मग स्कॅन.

---

निलेश_परळ

ताईंशी सहमत. खंडांबद्दल थोडं सांगतो. बांधीव खंडात आतल्या समासाकडची अक्षरं शिवणीत जातात. खंड सपाट दाबू नको आणि कुणी कितीही सांगितलं तरी शिवण कापू देऊ नको. व्ही आकाराचा आधार पुठ्ठ्याचाही करता येतो, नव्वद-शंभर अंशांवर पुस्तक उघडं राहतं, आधी सगळी उजवी पानं घ्यायची, मग डावी. कागद ठिसूळ असेल तर पान कोपऱ्याला धरून उलटू नको, खालून तळहात सरकव.

जाशील तेव्हा सगळ्यात जीर्ण खंड मागून घे आणि त्याची दहा पानं फोनवर काढून इथे चढव. उजेड कुठे कमी पडतो, शिवणीत किती अक्षरं जातात ते बघून सांगतो. रविवारी मी दुपारनंतर मोकळा आहे, अडलं तर व्यनि (खासगी निरोप) कर, डोंबिवलीला येऊन आधार बसवून देईन.